नाव घेतल्याशिवाय गोळी नाही

तारामतीबाईंनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. त्या चौतीस वर्षांत एकही गोळी, एकही इंजेक्शन त्यांनी रुग्णाच्या तोंडून त्याचं नाव ऐकल्याशिवाय दिलं नाही. खाटेला पाटी असायची, केसपेपरवर नाव असायचं, कित्येकदा रुग्ण महिनाभर त्याच खाटेवर असायचा आणि बाईंना त्याच्या नातवंडांचीही नावं पाठ झालेली असायची. तरी औषधाची वाटी हातात धरून त्या खाटेपाशी थांबत आणि म्हणत, "नाव सांगा." एका म्हाताऱ्या वकिलांनी एकदा सुनावलं होतं, "अहो, सकाळी सांगितलं तेच आहे. दुपारी बदललं नाही." बाई वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. वकिलांनी नाव सांगितलं, मग गोळी मिळाली.

"पाटी दुसऱ्या खाटेवर जाते, कागद दुसऱ्या फायलीत जातो," त्या आम्हाला सांगत. "तोंड ज्याचं त्याच्याजवळच राहतं."

हैदराबादच्या विद्यानगरात आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्या आणि हिम्मतराव राहतात. हिम्मतराव आबिड्सच्या पोस्टात पत्रं वेगळी करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि ते कुणी परत मागितलं नाही. त्यांना तीन भाज्या येतात, पण मनापासून येते ती मेथीच. संध्याकाळी जिन्यातून वर जाताना मेथीला फोडणी पडल्याचा वास आला की दुसरा मजला आला हे डोळे मिटूनही कळतं.

बाई निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत राज्याची दोन राज्यं झाली. ऑफिसं वाटली गेली, कपाटं वाटली गेली, बाईंच्या काही मैत्रिणी बदली होऊन पलीकडच्या राज्यात गेल्या. बाईंच्या वाट्याला मात्र त्या वाटणीत एक नवी नोकरी आली.

एका धर्मादाय संस्थेनं दिलसुखनगरात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, टीव्हीचा दवाखाना सुरू केला. हैदराबादेत डॉक्टर कॅमेऱ्यापुढे बसणार, तीनशे किलोमीटरवरच्या गावात रुग्ण कॅमेऱ्यापुढे बसणार. गावातली आशाताई रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधणार, बोट टोचून साखर बघणार, छातीला नळी लावणार, आणि छातीतली धडधड तारेवरून इकडे डॉक्टरच्या कानात येणार. संस्थेनं निवडलेल्या गावांत एक होतं आदिलाबादकडचं बोरवंडी. पैनगंगेच्या अलीकडचं, कापसाचं, सगळं मराठी बोलणारं. डॉक्टर होती सौजन्या, खम्ममची, अठ्ठावीस वर्षांची, हुशार, आणि मराठीचा एक शब्द न येणारी. तिच्या शेजारी बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायला संस्थेला कुणीतरी हवं होतं. बाई तेलुगूत रागावू शकत, दखनी उर्दूत समजूत घालू शकत आणि मराठीत दोन्ही करू शकत.

"आता टीव्हीत दिसणार म्हणजे तू," हिम्मतराव म्हणाले. "इंदूला कळवतो. म्हणेल, आमच्या मुक्या वहिनीला चांगलं काम मिळालं, बोलायचं."

इंदुताई म्हणजे बाईंची नणंद. तिच्या या टोमण्याला अडतीस वर्षांचा इतिहास आहे, तो पुढे येईलच.

बोरवंडीहून सर्वात जवळचा सरकारी दवाखाना बावीस किलोमीटरवर. दोन बस बदलायच्या, आणि डॉक्टर असतील तो दिवस गाठायचा. त्यामुळे गावातली माणसं दुखणं अंगावर काढण्यात पटाईत होती. पहिल्या दिवशी सावित्रीबाई आल्या त्या औषधाला नव्हेच, टीव्ही बघायला. बासष्ट वर्षांच्या, उंच, गावातल्या सगळ्या बायकांच्या मोठ्या जाऊबाई असल्यासारख्या. आल्याच आहात तर दंड पुढे करा, असं आशाताई भारती म्हणाली. पट्टा फुगला, आणि आकडा बघून सौजन्या खुर्चीत पुढे सरकली. वरचा एकशे नव्वद.

"चक्कर येते का विचारा, सिस्टरम्मा."

बाईंनी विचारलं.

"येते ना व. विहिरीजवळ गेली का येते. म्या म्हटलं विहिरीलेच काही असन."

त्या दिवसापासून सावित्रीबाईंची गोळी सुरू झाली आणि विहीर निर्दोष ठरली. मग त्यांनीच एकेकीला हाताला धरून आणलं. दोन वर्षांत बोरवंडीचा मंगळवार आणि शुक्रवार दवाखान्याचा झाला. भिंतीपलीकडे कोचिंगची मुलं एका सुरात गणिताची सूत्रं म्हणत, तो आवाज तारेवरून तिकडेही जाई. "कायची आरती चालू राहते व तुमच्याकडं?" अशी चौकशी झाली. बाईंनी सांगितलं, परीक्षेची. तेव्हापासून 'साइन थीटा' सुरू झाला की दोन-तीन म्हाताऱ्या हात जोडायच्या.

मग दोन हजार सोळाचा दसरा आला आणि जुन्या मोठ्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. बोरवंडीचा जिल्हा बदलला, मंडल म्हणजे तालुकाही बदलला, पंचायतीची पाटी बदलली. संस्थेच्या यादीतल्या जुन्या नोंदी आता चालणार नव्हत्या. प्रत्येक रुग्ण नव्यानं नोंदवायचा होता. संस्थेचे व्यवस्थापक एकनाथराव यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "दिवाळीच्या आधीच्या शनिवारपर्यंत ज्या गावात पन्नास नोंदी होतील, तिथे टीव्ही राहील. नाहीतर पेटीत भरून दुसऱ्या गावाला. मागणी करणारी गावं पुष्कळ आहेत. मला काही बोरवंडीशी वैर नाही, पण नंतर म्हणू नका, सांगितलं नव्हतं."

त्या बैठकीत तारामतीबाईंनी एक नियम सुचवला. आदल्या वर्षी बोरवंडीत दोन गयाबाईंच्या गोळ्यांची अदलाबदल झाली होती. गर्दी होती, भारतीनंच मागून घाईत "हो, हीच ती" असं उत्तर दिलं, आणि साखरेची गोळी रक्तदाबवालीच्या पिशवीत गेली. भारतीच्या संध्याकाळी लक्षात आलं, ती धावत गेली, गोळी पोटात जाण्याआधी परत आणली. पण बाईंच्या मनातून ते गेलं नव्हतं. "या वेळी प्रत्येकानं कॅमेऱ्यापुढे स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं," त्या म्हणाल्या. "आवाज साठवून ठेवायचा. स्वतःचं नाव, नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव, गाव. तेवढं झाल्याशिवाय नोंद पुढे सरकायलाच नको."

एकनाथरावांना नियम आवडतातच. त्यांनी तो तसाच संगणकात घालून घेतला. तिन्ही गोष्टी आवाजात आल्या की चौकोन हिरवा व्हायचा, नाहीतर लाल.

पहिल्या शुक्रवारी पुरुष भराभर झाले. मग गयाबाई आल्या, दोघींतल्या धाकट्या.

"नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"गयाबाई."

"पूर्ण सांगा. नवऱ्याच्या नावासकट."

गयाबाईंनी पदर तोंडावर घेतला. "त्यायचं?"

"हो, त्यांचंच."

"ते पाय... लोणी खाते ते. लहानपणी. मटकं फोडून."

बाईंनी सवयीनं ते तेलुगूत सांगितलं आणि सौजन्याची बोटं थबकली. "सिस्टरम्मा, डाएट में बटर लिखना क्या?"

"काही लिहू नको. ती नवऱ्याचं नाव सांगतेय."

"लोणी?"

"बाळकृष्ण."

"मग तुम्हालाच कळलं की. हिरवा करते मी."

"तिच्या तोंडून आलं नाही अजून."

"मोरपीस लावते डोक्याले," गयाबाईंनी आणखी मदत केली. मागे बसलेल्या बायकांत हसू फुटलं. चौकोन लालच राहिला.

दुसरी म्हणाली, आमच्या गजूचा बाप. तिसरी म्हणाली, भारतीले ठाऊक आहे, तिले विचारा. चौथीनं सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं, त्यावर ज्या देवाचं चित्र होतं तेच नाव. वीस वर्षांच्या रजनीनं मात्र नवऱ्याचं नाव धडकन सांगून टाकलं, आडनावासकट. मागून कुणीतरी म्हणालं, "पहा व माय, कशी खटकन बोलली." रजनीच्या सासूनं डोळे वटारले. त्यानंतर ज्या दोघी सांगायच्या बेतात होत्या, त्याही गप्प झाल्या.

पुढचा मंगळवार संपला तेव्हा चोवीस नोंदी झाल्या होत्या. एकवीस पुरुष, तीन बायका.

सावित्रीबाई त्या दिवशी सर्वात शेवटी आल्या होत्या. खुर्चीत ताठ बसल्या, स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं, गावाचं सांगितलं. मधलं नाव विचारलं तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघितलं.

"सावित्रीबाई, तुम्ही सांगितलंत तर बाकीच्या सांगतील," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तं गप राहतो मी," त्या म्हणाल्या. त्या भागात बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. "लग्नात एकदा घेतलं असन नाव. पंचेचाळीस वर्षं झाली. आता या वयात, या पोरीसोरींपुढं, डब्ब्यात भरून ठेवाले नाव घेऊ? मी नाही घेत व माय."

"टीव्ही जाईल इथून."

सावित्रीबाई उठल्या. "जाईन तं जाईन. म्या विहिरीजवळ बसून पाणी काढीन."

त्या गेल्यावर भारती कॅमेऱ्याजवळ आली. तिचा चेहरा पडला होता. "सिस्टर, ऐका ना. त्या फक्त ओठ हलवतील. मी मागून नाव बोलते. कोणाला कळतंय?"

"मागच्या वर्षी कोण बोललं होतं मागून?"

भारती हळूच म्हणाली, "मग तुमचा नियमच काढून टाका. तुम्हीच घातलाय ना?"

हे खरं होतं, आणि तेच बाईंना टोचत होतं. घरी येताना बसमध्ये त्यांनी दोन्ही बाजू लावून पाहिल्या. नियम काढला तर दोन गयाबाई, तीन गंगूबाई आणि चार लक्ष्मीबाई पुन्हा एकमेकींच्या पिशव्यांत मिसळणार. नियम ठेवला तर पिशव्याच राहणार नाहीत.

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी सगळं हिम्मतरावांना सांगितलं. मोरपिसाचं ऐकून त्यांना ठसका लागला.

"हसू नका. सव्वीस नोंदी कमी आहेत. शिकलेल्या नाहीत बिचाऱ्या, जुन्या वळणाच्या आहेत."

"हौ," हिम्मतराव म्हणाले. "आणि तू?"

"माझं काय?"

"तू तर शिकलेली. सरकारी नोकरी केलेली. मला आजवर 'अहो' सोडून काय हाक मारलीस? बाजारात चुकामूक झाली तर 'अहो' म्हणतेस आणि दहा माणसं वळून बघतात. पस्तीस वर्षं मी लोकांची पत्रं नावावरून वेगळी केली. घरात मात्र नाव नसलेलं पाकीट."

"तुमचं नाव मी पेन्शनच्या कागदावर लिहिलंय."

"लिहिलंयस. ऐकलं नाही कुणी."

बाईंनी कप उचलला आणि त्या आत गेल्या. मोरीपाशी उभं राहून त्यांनी ओठांतल्या ओठांत नाव म्हणून बघितलं. पहिल्या अक्षरापुढे नाव जाईना, जणू कुणी मागे उभं आहे.

अडतीस वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. लग्न होऊन त्या सासरच्या दारात उभ्या होत्या, उंबऱ्यावर माप ठेवलं होतं, आणि चौदा वर्षांच्या इंदूनं दोन्ही हात पसरून दार अडवलं होतं. नाव घे, मग आत ये. पाठ केलेला उखाणा होता. तो ऐन वेळी गेला. साधं नावही येईना. वैशाखातलं ऊन होतं, वाजंत्री थकले, मावश्यांनी कानात ओळी सांगितल्या, तरी नवरी मुकीच. शेवटी सासूबाई, सुशीलाबाई, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सोड गं दार. पोरगी करपून जाईल. नाव आत येऊन घेईल सावकाश." ते सावकाश अजून आलं नव्हतं. इंदुताईनं वहिनीचं नाव ठेवलं 'बिननावाची सून', आणि दर दिवाळीला भाऊबीजेच्या ताटाशी बसून ती अजून विचारते, "काय वहिनी, झालं का सावकाश?"

शुक्रवारी आणखी दोघी झाल्या. सव्वीस.

बाईंनी शनिवारी जादा वेळ मागून घेतला. सकाळी त्यांना इतकी घाई झाली की ओट्यावरचा डबा तसाच राहिला.

भारतीनं घरोघर फिरून सगळ्यांना गोळा केलं होतं. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका वेचणी अर्धी सोडून आल्या होत्या, केसांत कापसाचे तंतू होते. पंचायतीच्या त्या लहानशा खोलीत तीसेक जणी दाटीवाटीनं बसल्या होत्या, सतरंजीवर, खिडकीत, दारात. पेटी कोपऱ्यात आणून ठेवलेली होती, रिकामी, झाकण उघडं. टीव्ही न्यायची वेळ आली तर असावी म्हणून संस्थेनं आधीच पाठवलेली. सगळ्या जणी तिच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होत्या.

पहिल्या खुर्चीत सावित्रीबाई.

"नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"आधी तू सांग."

"माझं? तारामती."

"पुरं सांग. आमाले जसं विचारतं तसं. तुह्या मालकाचं नाव काय व सिष्टर?"

खोलीत कुजबुज झाली. सौजन्याला शब्द कळले नाहीत, पण बाईंचा चेहरा बघून काहीतरी कळलं. तिनं खुर्ची बाजूला सरकवली.

"इथं नको," सावित्रीबाई म्हणाल्या. "त्या डॉक्टरच्या जागेवर बस. लाल बत्तीपुढं. आमच्यासारखं भरून ठेव डब्ब्यात. मंग पाहतो मी."

बाईंनी सौजन्याला तेलुगूत सांगितलं. ते ऐकून ती इतकी खूश झाली की तिनं लगेच नवा फॉर्म उघडला. "गाव? आजच्या यादीत फक्त बोरवंडी आहे, अम्मा."

"असू दे बोरवंडी."

बाई जागेवर बसल्या. कॅमेऱ्यावरचा ठिपका लाल झाला. समोरच्या पडद्यावर तीस चेहरे, आणि कोपऱ्यातल्या लहान चौकोनात त्यांचा स्वतःचा.

"तारामती," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

भिंतीपलीकडचा साइन थीटा नेमका त्याच वेळी संपला होता. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं जात होतं. त्यांच्याच लक्षात आलं की आपण पदर तोंडाजवळ नेतोय, अगदी गयाबाईंसारखा. तिकडे कुणीही हसलं नाही. सगळ्या जणी नवरीकडे बघावं तसं बघत होत्या.

आणि मग त्यांना वास आला. ओळखीचा, लसणाच्या फोडणीतला, दुसऱ्या मजल्याचा. दार अर्धवट उघडं होतं. चार जिने चढून धापा टाकत, हातात घरी विसरलेला डबा घेऊन, हिम्मतराव उंबऱ्याबाहेर उभे होते. आत काहीतरी चाललंय म्हणून ते आवाज न करता थांबले होते. त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला होता.

बाईंनी कॅमेऱ्याकडे बघितलं.

"आबिड्सच्या पोस्टात पत्रांची रास," त्या म्हणाल्या. "हिम्मतरावांच्या डब्याला मेथीचा वास."

मग बोरवंडीची ती खोली अशी हसली की ध्वनीची पट्टी टोकाला जाऊन लाल झाली. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी शेजारणीच्या मांडीवर थापा मारल्या. बाईंनी घाईत "गाव बोरवंडी" जोडलं आणि चौकोन हिरवा झाला.

"डब्बा?" सावित्रीबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. "नवरा सैपाक करते तुहा?"

"रोज करतात."

"रोज?"

"मेथी तर दिवसाआड."

"मंग अशा माणसाचं नाव घ्याले काहाची लाज व बाई!" असं म्हणून त्या स्वतःच ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि कॅमेऱ्यात रोखून बघितलं. "लाव तुही बत्ती."

सौजन्यानं बत्ती लावली.

"सावित्रीबाई. कापूस येचता येचता भरली झोळी, अंबाजीरावांचं नाव घेतो, दे माही गोळी. गाव बोरवंडी."

हिरवा.

मग दाराशी रेटारेटी झाली. मला पुढं येऊ द्या, माझा विसरून जाईल. भारतीला रांग लावावी लागली. धाकट्या गयाबाईंनी गेल्या आठ दिवसांची कसर भरून काढली, "टीव्हीतली डॉक्टरीण बोलते तेलुगू, बाळकृष्णरावांचं नाव आता कितीदा सांगू?" एक जण, जिला दम्याचा त्रास होता, प्रत्येक शब्दाला श्वास घेत म्हणाली, "नवा झाला जिल्हा, नवी लागली पाटी, नामदेवरावांचं नाव घेतो, फवाऱ्याच्या औषधासाठी." कुणाचं यमक जुळलं नाही, कुणाचं मध्येच तुटलं, एकीनं तर नवऱ्याऐवजी घाईत दिराचं नाव घेतलं आणि खोली पुन्हा पाच मिनिटं कामातून गेली. बाईंनी तिला परत बसवलं. नियम तो नियम.

रजनी आधीच झाली होती, तरी तिनं पुन्हा रांग धरली. "माझं साधंच झालं होतं," ती म्हणाली. "मला पण असं घ्यायचंय." तिच्या सासूनंच तिला ओळ सांगितली.

सावित्रीबाईंचा रक्तदाब मात्र थोडा वर आला होता. सौजन्यानं हात वर करून सगळ्यांना दटावलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मराठी बोलली. "हसू नको. पाच मिनिट. मग परत." पाच मिनिटं सावित्रीबाई तोंडावर हात ठेवून भिंतीकडे बघत बसल्या. परत पट्टा बांधला. एकशे छत्तीस.

"उत्तम," सौजन्या म्हणाली. हा शब्द तेलुगूतही चालतो.

चार वाजता एकनाथराव आले. त्यांनी चष्मा लावला, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "त्रेपन्न."

"बावन्न," बाई म्हणाल्या. "एक माझी आहे. ती खोडा."

एकनाथरावांनी ती नोंद उघडली. तारामती हिम्मतराव, गाव बोरवंडी. त्यांनी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं बरंच असूनही. "खोडायला कारण लागतं," ते म्हणाले. "यंत्र मागतंय. 'चुकीची नोंद' लिहू?"

दारापाशी बाकावर हिम्मतराव रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि आपण काही ऐकत नाही असं दाखवत होते.

"चुकीची नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

"'नमुना' लिहा. खोडू नका, बाजूला ठेवा. मोजू नका म्हणजे झालं."

एकनाथरावांनी नमुना लिहिलं. मग त्यांनी भारतीला फोन लावून सांगितलं की रिकामी पेटी आता परत पाठवायला हरकत नाही. भारतीनं सांगितलं की पेटी मोकळी नाही, सावित्रीबाईंनी तिच्यात सगळ्यांच्या औषधाच्या पिशव्या नावं लिहून लावून ठेवल्या आहेत. एकनाथराव बरं म्हणाले.

परतताना बसमध्ये हिम्मतरावांनी रिकामा डबा मांडीवरच धरला होता. मलकपेट गेल्यावर म्हणाले, "एवढ्या लोकांपुढे डब्याची बदनामी."

"नाव घ्यायचं होतं. स्तुती करायची नव्हती."

"इंदूला काय सांगू?"

"सांगा, झालं सावकाश."

हिम्मतराव खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते.

जेवणं झाल्यावर, रोजच्यासारखी, बाईंनी त्यांची रक्तदाबाची गोळी तळहातावर ठेवून पुढे केली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. घरातल्या या एका रुग्णाला त्यांनी कधी नाव विचारलं नव्हतं.

हिम्मतरावांनी गोळी घेतली नाही. हाताची घडी घातली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. "आज नियम पाळायचा," ते म्हणाले. "नाव घेतल्याशिवाय गोळी नाही."

"ते रुग्णानं सांगायचं असतं."

"रुग्णाला आठवत नाहीये."

बाईंनी दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, आणि जिन्यात आमच्यापैकी कुणीतरी होतं हे त्यांना दिसत होतं. पेला त्यांच्या हातात तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, या वेळी ओळ नाही, यमक नाही, "हिम्मतराव. घ्या आता."

त्यांनी घेतली.